पोटमाळ्याची कडी निवडताना

पोटमाळा घालायचा ठरला की फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, लांबी-रुंदी वहीत टिपतो आणि किलोचा भाव सांगतो. वर काय ठेवणार, हा प्रश्न बहुतेक वेळा निघतच नाही. मालकाच्या डोक्यातही जागेचा हिशेब असतो, वजनाचा नसतो. विरार पूर्वेला चंदनसार रस्त्याने महामार्गाकडे जाऊ लागलं की दोन्ही अंगांना दुचाकी-चारचाकीची गॅरेजं, छोटे गाळे, हार्डवेअरची आणि टाइल्सची दुकानं दिसतात. गाळ्याची उंची चांगली असते आणि खाली पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा वरची रिकामी हवा वापरावीशी वाटणं साहजिक आहे, आणि योग्यही आहे. पण त्या माळ्याखाली दिवसभर माणसं काम करतात. म्हणून माळा ज्या आडव्या कड्यांवर उभा राहणार, त्या कशा निवडायच्या, हे मालकाला स्वतःला कळलं पाहिजे. वेल्डिंग कारागीर करील, आकडेमोड इंजिनिअर करील. पण काय मागायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे मालकच ठरवतो.

सुरुवात कड्यांपासून करू नका, सामानापासून करा. कागद घ्या आणि माळ्यावर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहा. घरच्या पार्किंगमधल्या माळ्यावर गाद्या, गणपतीच्या सजावटीचं सामान, जुन्या पेट्या, न लागणारी भांडी जातात. हे सगळं मिळून एका चौरस फुटाला दहा-पंधरा किलोच्या वर क्वचित जातं. गॅरेजची गोष्ट निराळी. इंजिन ऑइलची वीस लिटरची बादली साधारण सतरा-अठरा किलोची असते, आणि भरलेलं २१० लिटरचं पिंप दोनशे किलोच्या घरात जातं. हे पिंप चार चौरस फूट जागा घेतं, म्हणजे फुटाला पन्नास किलो. टाइल्स तर फसव्याच. दोन बाय दोन फुटांच्या चार व्हिट्रिफाइड टाइल्सचा खोका अठ्ठावीस ते तीस किलो भरतो. असे दहा खोके आडवे एकावर एक ठेवले तर थप्पी जेमतेम गुडघ्यापर्यंत येते, पण तिच्याखालच्या प्रत्येक चौरस फुटावर सत्तरपेक्षा जास्त किलो बसलेले असतात. पाण्याची ५०० लिटरची टाकी माळ्यावर चढवायचा मोह अनेकांना होतो. ती भरली की अर्धा टन वजन तीन फूट व्यासाच्या गोलात उभं राहतं. टाकीला माळा नको, तिच्यापुरता वेगळा आधार हवा.

भारतीय मानक आयएस ८७५ चा दुसरा भाग (१९८७) इमारतीवर येणाऱ्या वापराच्या भाराचे आकडे देतो. राहत्या खोलीसाठी तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरायला सांगतो, म्हणजे चौरस फुटाला एकोणीस-वीस किलो. माल साठवण्याच्या जागेसाठी, साठ्याच्या उंचीच्या दर मीटरला २.४ किलोन्यूटन आणि कमीत कमी ७.५ किलोन्यूटन धरायला सांगतो, म्हणजे चौरस फुटाला सत्तर किलोच्या आसपास. या दोन आकड्यांत साडेतीन पटींहून अधिक अंतर आहे. ‘मजबूत करा’ एवढंच कारागिराला सांगितलं तर तो यांपैकी कोणता आकडा धरतो? बहुधा एकही नाही. मागच्या गाळ्यात जे घातलं, तेच इथे घालतो.

सोयीसाठी मी तीन पायऱ्या करते: घरगुती अडगळीला फुटाला वीस किलो, ज्या गॅरेजमध्ये मालक स्वतः थप्पीवर लक्ष ठेवतो आणि जड वस्तू खालीच ठेवतो, तिथे पंचेचाळीस, आणि विक्रीच्या मालाला, भाड्याने दिलेल्या गाळ्याला किंवा उद्या वर काय येईल याची खात्री नसेल तिथे सरळ सत्तर. भाडेकरू बदलतो, पण माळा तोच राहतो, हे गाळामालकांनी विशेष ध्यानात घ्यावं. दहा बाय बारा फुटांचा माळा म्हणजे १२० चौरस फूट. पंचेचाळीसच्या हिशेबाने त्यावर साडेपाच टनांच्या जवळपास माल येतो, सत्तरच्या हिशेबाने आठ टनांच्या वर. हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की ‘दोन इंची पाइप पुरेल का?’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

उंची आधी, जाडी मग

आता कडी. तिच्या ताकदीचं मर्म तिच्या उभ्या उंचीत असतं. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरून दाबली तर वाकते, उभी धरली तर तसूभर हलत नाही. लाकूड तेच, वजन तेच. लोखंडाचंही तसंच. बाजारात ज्याला चार बाय दोनचा चौकोनी पाइप म्हणतात, तो चार इंची बाजू उभी ठेवून बसवला तर आडव्या बसवलेल्या पाइपाच्या जवळपास तिप्पट ताठ असतो. तरीही कित्येक माळ्यांत तो आडवा घातलेला दिसतो, कारण तसा तो पटकन बसतो आणि खाली दोन इंच उंची वाचते. ते दोन इंच वाचवू नका.

चॅनलचंच पाहा. तीन इंची चॅनल मीटरला साधारण सात किलोचं, चार इंची साडेनऊ किलोचं. लोखंड वाढलं तिसऱ्या हिश्श्याने, पण ताठपणा वाढला जवळजवळ अडीच पट. दहा फुटांचा गाळा, कड्या दोन-दोन फुटांवर आणि फुटाला पंचेचाळीस किलो माल धरून हिशेब केला, तर तीन इंची चॅनल मध्यभागी बावीस मिलिमीटरच्या आसपास झुकतं आणि लोखंडावरचा ताणही सुरक्षित मर्यादेच्या पुढे जातो. चार इंची चॅनल तेवढ्याच भाराखाली नऊ मिलिमीटर झुकतं आणि ताण आरामात मर्यादेत राहतो. किलोवर भाव असल्याने चार इंचीचे पैसे थोडे जास्त पडतात, पण इथे कंजूषी करण्यासारखं काही नाही.

किती झुकणं चालतं? पोलादी बांधकामाचं मानक आयएस ८०० (२००७) मजल्याच्या कडीला वापराच्या भाराखाली तिच्या लांबीच्या तीनशेव्या भागापर्यंत झुकू देतं; वर तडकणारा थर असेल तर तीनशे साठाव्या भागापर्यंत. दहा फुटांना तीनशेवा भाग म्हणजे दहा मिलिमीटर, तीनशे साठावा म्हणजे साडेआठ. वर सिमेंटचा बोर्ड येणार असेल तर तो तडकतो, म्हणून त्याला दुसरी, कडक मर्यादा लावा. मग दहा फुटांवरचं चार इंची चॅनल काठावर येतं, आणि कड्या दोन फुटांऐवजी सोळा इंचांवर घ्याव्या लागतात.

लांबीचा परिणाम लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असतो. फुटामागचा भार तोच ठेवून कडीची लांबी दुप्पट केली तर झुकणं दुप्पट होत नाही, सोळापट होतं. दहाचे बारा फूट केले तरी झुकणं दुपटीवर जातं. म्हणून शेजारच्या गाळ्यात चार इंची चॅनल नीट उभं आहे, हा पुरावा तुमच्या गाळ्याला लागू पडेलच असं नाही. तुमचा गाळा दोन फुटांनी जास्त रुंद असेल तर गणित बदललं. फुटाला पंचेचाळीस किलो आणि दोन फुटांचं अंतर धरून माझा कौल असा: दहा फुटांपर्यंत चार इंची चॅनल, बारा फुटांपर्यंत पाच इंची, पंधरा फुटांपर्यंत सहा इंची. पंधरा फुटांच्या पुढे कडी वाढवत नेण्यापेक्षा मध्ये एक तुळई आणि तिला खांब द्या. स्वस्तही पडतं आणि माळा थरथरतही नाही. सत्तर किलोचा भार धरायचा असेल तर चॅनल तेच ठेवून अंतर दोन फुटांवरून सोळा इंचांवर आणा. तीन कड्यांच्या जागी साधारण साडेचार कड्या आल्या की प्रत्येक कडीच्या वाट्याला पुन्हा पूर्वीइतकाच भार येतो.

घरगुती माळ्याला एवढं लोखंड लागत नाही. फुटाला वीस किलो आणि दोन फुटांचं अंतर धरलं तर तीन मिलिमीटर जाडीचा चार बाय दोनचा पाइप, अर्थात उभा, दहा फुटांपर्यंत निवांत चालतो. बारा फुटांना तो अपुरा. दोन इंची चौकोनी पाइप मात्र सहा फुटांच्या पुढे नेऊ नका. आठ फुटांवरच तो मर्यादेच्या दुपटीकडे झुकू लागतो आणि दहा फुटांवर तर रिकामा माळासुद्धा पाऊल टाकल्यावर डुलतो. विरार पूर्वेच्या घरांत आणि दुकानांत दोन इंची पाइपाचे दहा फुटी माळे सर्रास दिसतात. ते पडलेले नाहीत, याचं कारण त्यांच्यावर फारसं काही ठेवलेलं नाही, एवढंच.

आडव्या कड्या ज्या दोन मोठ्या तुळयांवर टेकतात, त्यांचा विचार वेगळा करायचा. दहा बाय बाराच्या माळ्यात कड्या दहा फुटांच्या दिशेने टाकल्या तर दोन्ही टोकांच्या बारा फुटी तुळयांवर प्रत्येकी निम्मा माळा बसतो. पंचेचाळीस किलोच्या हिशेबाने तिथे सहा इंची गर्डर लागतो आणि तोही अगदी मर्यादेला टेकतो. सत्तरच्या हिशेबाने सात इंची. कड्या जवळजवळ घेतल्याने तुळईचा भार कमी होत नाही, हे विसरलं जातं. अंतर कमी करून कड्या वाचल्या, पण तुळई जुनीच राहिली, असे माळे मध्यावर नाही तर कडेला खचतात.

पाट आणि त्याचे सांधे

कड्यांचं अंतर वरच्या पाटाशी जुळवूनच ठरवा. प्लायवूड असो की सिमेंट बोर्ड, तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो. आठ फुटांना बरोबर भागणारं अंतर घेतलं, म्हणजे एक फूट, सोळा इंच किंवा दोन फूट, तर प्रत्येक तक्त्याचं टोक कडीवरच येतं. अडीच फुटांचं अंतर घेतलं की टोक अधांतरी लटकतं, आणि एखाद्याने तिथे जॅक ठेवला की तक्ता मोडतो. अठरा मिलिमीटरचा प्लाय दोन फुटांवर घरगुती सामानाला ठीक आहे. सिमेंट बोर्ड त्याच्या दुप्पट जड असतो, ओलाव्याला आणि वाळवीला दाद देत नाही, पण टोकदार वजनाखाली अचानक तडकतो, म्हणून त्याखाली सोळा इंच किंवा त्याहून कमी अंतर ठेवा. चेकर्ड प्लेट गॅरेजला उत्तम, कारण तेल सांडलं तरी पुसता येतं. पण सहा मिलिमीटरची प्लेट एकट्या स्वतःच्या वजनाने चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भार टाकते, तो हिशेबात धरा. जुन्या दुकानांत अँगलवर कडप्प्याच्या लाद्या टाकलेल्या असतात. कडप्पा वाकत नाही, थेट तुटतो आणि खाली माणसावर येतो. नव्या माळ्यात तो घालू नका.

पाट कड्यांना स्क्रूने किंवा बोल्टने घट्ट बांधलेला हवा, नुसता ठेवलेला नको. चॅनलचा आकार एका बाजूला उघडा असल्याने भाराखाली ते पीळ खाऊ पाहतं; वरून बांधलेला पाट त्याला सरळ धरून ठेवतो. शिवाय दोन कड्यांमध्ये मध्यावर एकेक आडवा तुकडा वेल्ड करून घेतला तर एका कडीवर पडलेलं वजन शेजारच्या दोघी वाटून घेतात.

लोखंड घेताना दुकानातच वजन करून घ्या. पाइपाची जाडी अनेकदा बोलीभाषेतल्या ‘तीन एमएम’पेक्षा पातळ निघते. सव्वातीन मिलिमीटरचा सहा मीटर लांबीचा चार बाय दोनचा पाइप चाळीस किलोच्या आसपास भरायला हवा. तीस-बत्तीस किलोच भरला तर तो पातळ आहे, सरळ परत करा. चार इंची चॅनलची सहा मीटरची लांबी सत्तावन्न किलोच्या जवळ हवी. हलक्या वजनाची चॅनलही बाजारात असतात आणि बाहेरून ती ओळखू येत नाहीत, काट्यावरच ओळखू येतात. भंगारातून आलेलं लोखंड वापरायला हरकत नाही, मात्र मध्ये जुनी भोकं, कापलेल्या कडा किंवा खपल्या निघणारा गंज दिसला तर ते बाजूला काढा. आणखी एक बारकावा: सहा मीटर म्हणजे पुरते वीस फूट नव्हेत, त्यात जवळपास चार इंच कमी पडतात. बरोबर मध्ये कापलं तर दोन्ही तुकडे दहा फुटांना जवळपास दोन इंच अपुरे राहतात, आणि मग कारागीर टोकाला ठिगळ लावतो. तुळया थोड्या आत घेतल्या की ठिगळाची गरज पडत नाही.

लाकूडही काही जणांना हवं असतं, विशेषतः जुन्या घरांत, जिथे मूळ माळाच तुळई, कडी आणि पाटाचा आहे. सागवानाची तीन बाय सहा इंचांची कडी, उभी, दोन फुटांच्या अंतराने घातली तर दहा फुटांवर घरगुती सामान नीट पेलते. गॅरेजचा माल ती पेलणार नाही. लाकूड कायम भाराखाली वर्षागणिक आणखी झुकत जातं, लोखंड तसं झुकत नाही. पाडलेल्या चाळींमधलं जुनं सागवान चांगलं मिळतं, पण दोन्ही टोकं तपासा. भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं. पॅकिंगच्या पेट्यांमधलं पाइन माळ्याच्या कडीला चालत नाही, कितीही स्वस्त मिळो.

टोकं कुठे टेकणार

माळे कोसळतात ते बहुतेक वेळा कडी मध्ये मोडून नव्हे, तर तिचं टोक आधारातून सुटून. म्हणून कडी निवडण्याइतकाच वेळ तिच्या टोकांसाठी द्या. दोन गाळ्यांमधली भिंत पुष्कळदा चार किंवा सहा इंचांची असते. ती गाळे वेगळे करण्यासाठी बांधलेली असते, टनांनी भार घेण्यासाठी नव्हे. त्या भिंतीत खाच पाडून चॅनल खुपसलं तर भिंत अर्धी पोखरली जाते. पलीकडच्या शेजाऱ्यानेही त्याच उंचीवर त्याच ठिकाणी खाच पाडली असेल तर तिथे मधे उरतं काय? केवळ प्लास्टर. छपराच्या लोखंडी कैच्यांना सळ्या बांधून माळा टांगणं तर त्याहून धोक्याचं. कैची पत्रे आणि वारा यांच्या हिशेबाने बनवलेली असते. पाच टन माल तिच्या गावीही नसतो.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे माळ्याला स्वतःचे खांब देणं. भार सरळ जमिनीत जातो, भिंत मोकळी राहते आणि शेजाऱ्याशी वाद होत नाही. दहा बाय बाराच्या माळ्याला चार कोपऱ्यांत चार खांब घातले तर पंचेचाळीस किलोच्या हिशेबाने एकेका खांबावर दीड टनाच्या आसपास येतो. एवढा भार गाळ्याच्या कोबावर सोडता येत नाही. भातखाचरं आणि सखल जागा भरून वसलेल्या वस्तीत कोबाखाली भरावच असतो, आणि भराव पावसाळ्यागणिक बसत जातो. खांबाखाली कोबा फोडून पक्क्या जमिनीपर्यंत खणा, दोन फूट चौरस काँक्रीटचा पाया घाला. वर दहा मिलिमीटर जाडीची प्लेट चार अँकर बोल्टने बसवा. पाया आणखी किती खोल हवा, हे खड्ड्यात लागलेली माती पाहूनच ठरतं.

आरसीसीचे कॉलम असतील आणि त्यांचं बळ इंजिनिअरने पाहून दिलं असेल तर त्यांना कंस बसवून तुळई टेकवता येते. बोल्ट काँक्रीटमध्येच हवेत, प्लास्टरमध्ये किंवा विटेत नव्हे. गज कापला जाणार नाही अशी भोकं पाडा, आणि धुरळा फुंकून साफ केल्याशिवाय रासायनिक अँकर भरू देऊ नका. धुरळ्यात तो पकडच घेत नाही.

माळा पुढे-मागे हलू नये म्हणून कोपऱ्यांत तिरके आधार द्या. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा सगळ्या पालघर जिल्ह्यालाच ही आठवण झाली की भार केवळ वरून खाली येत नाही, आडवाही येतो. सांध्यांकडेही पाहा. कडीचं टोक तुळईला अँगलच्या तुकड्याने आणि बोल्टने, नाहीतर दोन्ही बाजूंनी सलग वेल्डने जोडलेलं हवं. उभं करताना मारलेले टाके कायमचे सोडून देण्याची सवय फार पसरली आहे. काम संपल्यावर शिडी लावून प्रत्येक सांधा स्वतः बघा, टाका दिसला की पूर्ण वेल्ड करून घ्या. दोन तुकडे जोडून केलेली कडी मध्यभागी जोडलेली असेल तर ती स्वीकारू नका. खालच्या पट्टीत मध्यावर भोक पाडून वायरचा पाइप नेऊ देऊ नका. न्यायचाच असेल तर कडीच्या उंचीच्या मध्यावरून न्या, तिथे लोखंडावर ताण कमी असतो.

गॅरेजचा आणखी एक शत्रू म्हणजे खालचं पाणी. गाड्या धुताना पाणी खांबाच्या पायाशी साचतं, त्यात साबण आणि तेल असतं, आणि खाडीच्या बाजूने येणारी दमट हवा वर्षभर असतेच. खांब नेहमी पायातून गंजतो, वरून दिसतो चकाचक. म्हणून खांबाची प्लेट जमिनीच्या पातळीवर नको. चार-सहा इंच उंच काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवा. चौकोनी पाइपांची उघडी टोकं टोपीने बंद करून वेल्ड करा, नाहीतर आत ओल जाते आणि गंज आतून खातो. रंगाआधी गंज घासून काढा, मग रेड ऑक्साइड, मग रंगाचे दोन हात. गंजावर मारलेला रेड ऑक्साइड पहिल्याच पावसाळ्यात फुगतो.

परवानगी आणि इमारतीचं आरोग्य

राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) व्याख्येनुसार साठवणीचा माळा म्हणजे दोन मजल्यांमधली फक्त सामानासाठीची, दीड मीटरपर्यंत उंचीची, कायमचा जिना नसलेली जागा. वर माणसं उभी राहून काम करणार असतील आणि पक्का जिना असेल, तर ते पोटमजल्याचं बांधकाम ठरतं आणि त्याच्या उंचीचे, क्षेत्रफळाचे नियम निराळे असतात. महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक महापालिकांना, वसई-विरारलाही, २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा, आणि गाळा सोसायटीत असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. गाळा भाड्याचा असेल तर मालकाची.

वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत किंवा जुन्या, कागदपत्रं नसलेल्या इमारतीत माळा घालणाऱ्यांना मात्र वेगळं सांगायचं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेच्या विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून सतरा माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती, आणि त्या दुर्घटनेचा माळ्यांशी संबंध जोडण्याचं कारण नाही. पण आपल्या भागात अशा इमारती पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या स्लॅबवर आणखी चार-पाच टनांचा भार टाकण्याआधी इमारतीची संरचनात्मक तपासणी झालीच पाहिजे. तपासणीत कॉलमला तडे किंवा उघडे गज निघाले तर माळ्याचा विचार सोडून द्या. तळमजल्यावर जमिनीपासून खांब घेऊन उभा केलेला माळा इमारतीला भार देत नाही, हा त्याचा मोठा गुण.

इंजिनिअरकडे जाताना सामानाची यादी, गाळ्याची मापं, भिंती किती इंचांच्या, कॉलम कुठे, खाली गाडी उभी राहणार का, हे सगळं लिहून न्या. त्याच्याकडून कडीचा आणि तुळईचा आकार, अंतर, टोकाच्या जोडणीचं चित्र आणि फुटामागे किती किलो चालेल तो आकडा सहीनिशी घ्या. फॅब्रिकेटरला तेच चित्र द्या. खाली उभं राहून काम करायला सात फूट मोकळे हवेत. उचलणाऱ्या जॅकवर गाडी चढणार असेल तर त्याहून कितीतरी जास्त, नाहीतर गाडीचं छत कडीला लागतं. पेट्रोल, थिनर आणि रंगाचे डबे माळ्यावर ठेवू नका. प्लायच्या पाटाखाली वेल्डिंग होत असेल तर ठिणगी वर जाते, म्हणून तिथे चेकर्ड प्लेट किंवा सिमेंट बोर्डच घाला.

माळा पूर्ण झाला की समोरच्या तुळईवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या: चौरस फुटाला इतके किलो. मग माल चढवण्याआधी मधल्या कडीच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधा आणि मध्यावर दोरी ते कडी हे अंतर मोजून भिंतीवर लिहा. माल चढवल्यावर पुन्हा मोजा. दहा फुटांच्या कडीत फरक दहा मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. पहिल्या पावसाळ्यानंतर तिसऱ्यांदा मोजा. खांब भरावात बसला असेल तर तो या मोजणीत दिसणार नाही, म्हणून पाण्याच्या लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांची उंचीही एकदा पाहा. एखादा कोपरा अर्धा इंच खाली गेला असेल, किंवा मध्यावरचं झुकणं वाढत चाललं असेल, तर आधी माल उतरवा, मग कारण शोधा.